सासू-सासऱ्यांना घेऊन पहिली क्रूझ : नागपूरहून निघताना काय काय बघाल

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : दिवाळीच्या सुटीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करायची आहे, वाटेत मलेशियातलं पिनांग आणि थायलंडमधलं फुकेत. सोबत सत्तरीतले सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना बीपी आणि शुगर. मुलगा नऊ वर्षांचा. घरात सगळे शाकाहारी, आणि जहाजावर आधी कुणीच गेलेलं नाही. बोट लागेल का, जेवणाचं काय, बाल्कनीची खोली घ्यावी का आणि जाहिरातीतल्या किमतीवर आणखी किती खर्च बसतो, हे तुमचे प्रश्न.

मी नागपूरहून गट घेऊन क्रूझला जाते आणि माझ्या गटांत साठीच्या पुढची मंडळीच जास्त असतात. तुम्हाला सांगते, जरूर जा. रोज बॅगा भरायच्या, बसमध्ये चढायचं, नव्या हॉटेलात नवी खोली शोधायची, हे ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी यापेक्षा सोयीची परदेशवारी मला माहीत नाही. खोली तीच राहते, गाव बदलतं. सासूबाईंना एखाद्या दिवशी उतरावंसं वाटलं नाही तर त्या डेकवर बसून समुद्र बघतील, आणि तोही दिवस वाया गेला असं होणार नाही. मात्र आपण समुद्रापासून फार लांब राहणारी माणसं. क्रूझचे बहुतेक घोळ मी बंदरावर पोहोचायच्या आधीच झालेले पाहिले आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली, चेन्नई असं कुठेतरी बदलावंच लागतं, आणि दिवाळीच्या गर्दीत एक विमान चुकलं तर दुसऱ्यात पाच जागा एकत्र मिळणं कठीण. जहाज साधारण चार-पाचला सुटत असलं तरी चेक-इन त्याच्या बऱ्याच आधी बंद होतं, आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून जहाज सुटायच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सिंगापुरात पोहोचा. तिथलं एक रात्रीचं हॉटेल महाग पडतं, मान्य आहे. पण बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको. सासऱ्यांची शुगर आणि सासूबाईंचे गुडघे रात्रभराच्या प्रवासानंतर थेट बंदराच्या रांगेत उभे करायचे नाहीत, हेही एक कारण आहेच.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर काढा. पहिल्याला उशीर झाला तर पुढच्यात बसवायची जबाबदारी मग विमान कंपनीची राहते. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली की ती जबाबदारी तुमच्या गळ्यात येते. शिवाय मुंबईत देशांतर्गत विमान टी-१ला उतरलं आणि पुढचं टी-२हून असलं, तर सामान घेऊन रस्त्याने जावं लागतं. सासूबाईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. विमानतळावर ऐनवेळी मागितली तर मिळते, पण वाट बघावी लागते. बऱ्याच आज्यांना व्हीलचेअरचा संकोच वाटतो. त्यांना घरीच सांगून ठेवा की ही आजारपणाची खुर्ची नाही, लांबच्या चालण्याची सोय आहे.

सिंगापुरात क्रूझची टर्मिनल दोन आहेत : मरिना बे क्रूझ सेंटर, आणि हार्बरफ्रंटला असलेलं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ सेंटर’ सांगितलं की भलत्याच ठिकाणी उतरायची पाळी येते. बुकिंग झालं की क्रूझच्या बोर्डिंग पासवर कोणतं आहे ते बघून ठेवा.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपासून पुढे सहा महिने हवी. तिकिटावरचं आणि क्रूझच्या बुकिंगवरचं नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच हवं. सासूबाईंच्या पिढीत आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि बँकेत तिसरं असं सर्रास असतं, तेव्हा बुकिंग करताना पासपोर्ट समोर ठेवा. तुम्ही सिंगापुरात दोनदा प्रवेश करणार, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने परत येताना. म्हणून व्हिसा ‘मल्टिपल एंट्री’चा आहे ना, हे हातात आल्या आल्या वाचा. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि जहाजातून परत येतानाही पुन्हा भरावं लागतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करा. मलेशिया आणि थायलंडचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. भारतीय पासपोर्टसाठी काय लागतं, असं स्पष्ट विचारा.

आता खोली. बोट लागण्याचा प्रश्नही इथेच निम्मा सुटतो. जहाज पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त वरखाली होतं, मध्यभागी कमी. वरच्या मजल्यांवर जास्त झुलतं, खालच्यांवर कमी. म्हणून लांबीच्या मध्यावरची, खालच्या किंवा मधल्या डेकवरची खोली घ्या, आणि ती लिफ्टच्या जवळ हवी. मोठी जहाजं तीनशे मीटरच्या आसपास लांब असतात. खोली टोकाला मिळाली तर सासूबाईंना नाश्त्याला जाऊन येणं हाच एक व्यायाम होईल. कंपनीच्या साइटवर ‘डेक प्लॅन’, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा असतो, तो मोठा करून बघा. तुमच्या खोलीच्या वर आणि खाली दुसऱ्या खोल्याच हव्यात. वर जेवणाचा हॉल असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त खोली तुमच्यासाठी नाही, कारण त्यात नंबर कंपनी ठरवते आणि तो शेवटी शेवटी कळतो.

बाल्कनीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : सासू-सासऱ्यांना बाल्कनी, तुम्हा तिघांना आतली खोली. तुम्ही दिवसभर बाहेरच असणार, झोपायला आत येणार. ती मंडळी पहाटे पाचला उठतात. त्या वेळी सगळं जहाज झोपलेलं असतं आणि बाहेर उजाडायचं असतं. स्वतःच्या बाल्कनीत खुर्ची टाकून चहा घेता येणं, यातच त्यांची अर्धी सहल आहे. आतल्या खोलीला खिडकी नसते, दिवा मालवला की मिट्ट काळोख. वयस्कर माणसाला जाग आल्यावर दिशा कळत नाही, घाबरायला होतं. तिघांच्या खोलीत तिसरा पलंग बहुधा छतातून खाली ओढायचा असतो, शिडी लावून. तुमचा मुलगा त्यावर खूश होईल.

एका गोष्टीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे बाथरूमच्या दाराशी असलेला उंबरठा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो बऱ्याच जहाजांवर चांगला चार-सहा बोटं उंच असतो. रात्री झोपेत उठलेला माणूस तिथेच अडखळतो. खोली मिळाल्याबरोबर सासूबाईंना हाताला धरून तिथे न्या, पाय उचलून आत-बाहेर करायला लावा, दिव्याचं बटण दाखवा. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा. गुडघ्यांचं दुखणं फारच असेल तर बुकिंगच्या वेळी ‘अॅक्सेसिबल’ खोली मागा. तिला उंबरठा नसतो, दार रुंद असतं आणि आंघोळीला बसायची सोय असते. अशा खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर जातात. संडासाला बहुतेक ठिकाणी जेट नसतो, तेव्हा प्लास्टिकचा एक हलका मग बॅगेत टाका.

तुमचं जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाईल. ती दोन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेली आहे, त्यामुळे पिनांगपर्यंत पाणी साधारण शांत असतं. फुकेतकडे अंदमानचा समुद्र लागतो, तिथे थोडं जाणवू शकतं. पहिल्या वेळेसाठी हा मार्ग चांगला निवडला आहे तुम्ही. बोट लागते कारण कान सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते. मेंदूला मेळ लागत नाही. म्हणून मळमळायला लागलं की खोलीत पडून मोबाइल बघणं सर्वांत वाईट. डेकवर या, क्षितिजावर नजर ठेवा, वारा घ्या. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. घरचा आलेपाक खरंच उपयोगी पडतो, जरूर न्या. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. पण प्रोमेथाझिन, सिनॅरिझिन यांसारख्या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्या चालत नाहीत. सासू-सासऱ्यांसाठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाच्या दुकानातून आणून देऊ नका.

बॅग भरताना नागपूरकरांना हमखास अडचणीत आणणाऱ्या काही वस्तू आहेत. पहिली खर्रा. गटात कुणी ना कुणी खाणारा असतो आणि खिशात पुडी असते. सिंगापुरात गुटखा, खैनी, जर्दा असे सगळे चघळायचे तंबाखू २०१६ पासून बंद आहेत. जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. सासरे किंवा यजमान घेत असतील तर संकोच न करता आताच विषय काढा. दुसरी खसखस. दिवाळीचे अनारसे म्हटले की वर खसखस आलीच, आणि सिंगापुरात खसखस प्रतिबंधित मालात मोडते. अनारसे घरीच खाऊन निघा. तिसरी च्युइंग गम आणि ई-सिगारेट. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांतल्या काहींना सिंगापूरची आधी परवानगी लागते. सासूबाईंच्या गुडघ्यांच्या गोळ्यांची नावं त्या दृष्टीने तपासून घ्या.

जहाजाचे स्वतःचे नियम वेगळे. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायची रॉड, राइस कुकर काहीही चालत नाही. बंदरावर एक्स-रेमध्ये दिसलं की काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच. जहाजावर सर्वांत मोठी भीती आगीची असते, सगळे नियम तिथूनच येतात.

माझ्या एका गटात एक आजी होत्या, रोज सकाळी देवाजवळ दिवा लावल्याशिवाय चहा न घेणाऱ्या. निरांजन, फुलवाती, कापराची डबी, सगळं पिशवीत होतं. समुद्रातल्या पहिल्याच सकाळी सुनेने घाईघाईने मला बोलावलं. आजी काडेपेटी हातात घेऊन बसलेल्या आणि छतावरचा धूर पकडणारा सेन्सर बरोबर डोक्यावर. कापूर पेटला असता तर गजर वाजून माणसं धावत आली असती. मी खोलीची साफसफाई बघणाऱ्या स्टुअर्डला बोलावलं, गोव्याचा मुलगा होता. त्याने ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत रेस्टॉरंटच्या टेबलांवर ठेवतात तसला बॅटरीचा लहानसा दिवा घेऊन आला. आजींनी तो फोटोपुढे ठेवला, कुंकू वाहिलं, डोळे मिटून शुभंकरोती म्हटलं आणि मग चहा घेतला. रोज सकाळी तो मुलगा दिवा चालू आहे ना बघून जायचा. सासूबाई पूजा करत असतील तर नागपूरहूनच बॅटरीचा दिवा घेऊन निघा, आणि कापूर-उदबत्ती न्यायची नाही हे त्यांना प्रेमाने आधीच सांगा.

खाण्याचं सामान न्यायला हरकत नाही, पण ते दुकानातलं, सीलबंद हवं. चिवडा, बाकरवडी, संत्रा बर्फी चालेल. घरी भरलेले डबे, लोणची, पोळ्या अडवल्या जाऊ शकतात. संत्री मात्र नकोत. जहाजातली फळं किंवा डबा बंदरावर खाली नेणंही टाळा, ताज्या फळांच्या बाबतीत अनेक देशांची बंदरं कडक आहेत.

शाकाहाराची काळजी सोडा. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी इतके असतात की बुफेत वरण-भात, पनीर, पराठे सापडतातच. काही जहाजांवर जैन जेवणही मिळतं, पण ते बुकिंगच्या वेळीच नोंदवावं लागतं. खरी युक्ती मुख्य डायनिंग हॉलमध्ये आहे. पहिल्या रात्री हेड वेटरला भेटा आणि सांगा की आम्ही पाच शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, उद्या आम्हाला काय देणार? त्या मंडळींना आदल्या दिवशी सांगितलेलं फार आवडतं. मेन्यूत नसलेलं भारतीय जेवण ते करून आणतात. सूपमध्ये चिकनचं पाणी नाही ना, केकमध्ये अंडं नाही ना, हे मात्र दर वेळी विचारा. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतात, तुम्ही पहिली घ्या. दुसरी आठच्या पुढे सरकते आणि शुगरवाल्या माणसाला ते अंतर जड जातं. बुफेला शिरताना हात साबणाने नीट धुवा. नोरोव्हायरस नावाचा जुलाब-उलट्यांचा आजार जहाजांवर लवकर पसरतो आणि नुसत्या सॅनिटायझरला तो दाद देत नाही.

चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच हमालाकडे द्यायच्या असतात आणि त्या संध्याकाळी खोलीच्या दाराशी येतात, कधी रात्री आठलाही. म्हणून हातातल्या पिशवीत पासपोर्ट, सगळी औषधं, चश्मा, मुलाचे पोहायचे कपडे आणि एक शाल ठेवा. शाल हसण्यावारी नेऊ नका. मे महिन्यात नागपूरचं ४५ अंशांचं ऊन सोसणारी माणसं जहाजाच्या एसीत कुडकुडताना मी बघते. चढल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते, तिला दांडी मारू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज कलंडलं, त्यात ३२ माणसं गेली. त्या दिवशीच चढलेल्या अनेकांची कवायत तेव्हा झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. जहाजावर प्रत्येकाला मिळणाऱ्या कार्डावर जमायच्या जागेचं अक्षर छापलेलं असतं. कवायत काही ठिकाणी फोनवर व्हिडिओ बघून आणि जागेवर जाऊन नोंद करून होते, तरी सासूबाईंना त्या जागेपर्यंत एकदा चालवत न्या. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, जिन्याला किती वेळ लागतो ते तुम्हाला कळायला हवं.

पिनांग तुमच्या मंडळींना आवडेल. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि तो थेट जॉर्जटाउन या तिथल्या मुख्य शहरातच आहे, टॅक्सीशिवाय भागतं. कॉर्नवॉलिस किल्ला दोन पावलांवर, लिटल इंडिया थोडं पुढे. तिथे गरम इडली-डोसा मिळतो आणि १८३३ सालचं महामारिअम्मन मंदिर आहे. सासूबाईंना घेऊन एवढंच करा, बसून बसून. पिनांग टेकडीच्या रेल्वेला रांग असते, तिचा मोह या वेळी टाळा.

फुकेतचं वेगळं. मोठी जहाजं बऱ्याचदा पातोंगसमोर नांगर टाकतात आणि किनाऱ्यापर्यंत लहान बोटीने जावं लागतं. जहाजाच्या पायरीवरून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. कर्मचारी दोन्ही दंड धरून घेतात, तरी गुडघे धड नसतील तर मी माझ्या आज्यांना वर थांबायला सांगते. तुम्ही तिघे जा. त्या दिवशी जहाज निम्मं रिकामं असतं, लिफ्ट मोकळी, डेकवर हवी ती खुर्ची. सासू-सासरे सुखात राहतील. लाटा मोठ्या असतील तर कप्तान ते बंदरच रद्द करू शकतो. करारात त्याला तो अधिकार असतो, आणि तुम्हाला फार तर बंदराचा कर आणि जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात. एवढी तयारी मनाची ठेवा.

फुकेतला सर्वांत जास्त जपायची गोष्ट घड्याळ आहे. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज कधी सिंगापूरची वेळ चालू ठेवतं, कधी बदलतं. तुमचा मोबाइल मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून आपोआप थायलंडची वेळ दाखवायला लागतो. जहाजाच्या वेळेने चारला परत यायचं आणि तुमच्या फोनवर तीनच वाजलेत, म्हणून तुम्ही निवांत नारळपाणी पिताय, असं होऊन चुकलेली माणसं मी धक्क्यावर बघितली आहेत. म्हणून एक साधं हातघड्याळ न्या, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि उतरल्यावर फक्त तेच बघा. शेवटची वेळ म्हणजे जहाज सुटायची वेळ नव्हे, त्याच्या अर्धा-एक तास आधीची असते. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबतं. बाहेरच्या टॅक्सीवाल्यासोबत गेलात तर नाही. पिनांगला स्वतः फिरा, फुकेतला थोडे जास्त पैसे देऊन जहाजाची सहल घ्या, असा माझा सल्ला. उतरताना बंदरावरच्या जहाज-एजंटचा फोन नंबर जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकावरून टिपून घ्या, आणि पासपोर्टची छायाप्रत जवळ असू द्या.

खर्चाचं आता. जाहिरातीतली किंमत बहुधा खोली आणि जेवणाची असते. बंदराचे कर वेगळे दिसतात का बघा. मग ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी, जी रोज आपोआप खात्यावर चढते. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर ती माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आहे, आणि मुलाचीही लागते. १८ डॉलर धरले तर तुम्हा पाच जणांचे चार रात्रींचे ३६० डॉलर होतात. शीतपेयं, कॉफीचे खास प्रकार, दारू यांवर वर आणखी १८-२० टक्के सेवा आकार. बुफेतलं पाणी, चहा आणि साधी कॉफी फुकट असते. बाटलीत पाणी भरायचं तर पेल्याने ओतून घ्या, बाटली नळाला लावलेली त्यांना चालत नाही. इंटरनेट वेगळं, खास रेस्टॉरंट वेगळी, फोटो वेगळे. हे सगळं धरून किमतीच्या वर किमान चौथा हिस्सा बाजूला ठेवा. पॅकेज एजंटमार्फत घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जाईल. तो तुमच्याच पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपा.

जहाजावर रोख चालत नाही, जहाजाच्या कार्डाशी जोडलेलं खातं असतं. त्या खात्यासाठी तुमचं क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलं की ते अंदाजाने मोठी रक्कम अडवून ठेवतात, आणि खरं बिल कमी झालं तरी अडवलेले पैसे मोकळे व्हायला दिवस लागतात. घरी परतून कुणाच्या ईएमआयचा हप्ता त्यामुळे चुकलेला मी बघितलाय. रोज संध्याकाळी खोलीतल्या टीव्हीवर किंवा अॅपवर खातं बघत जा. चूक असेल तर त्याच दिवशी रिसेप्शनवर सहज दुरुस्त होते. मुलाच्या कार्डावर खरेदी बंद करून घ्या, कारण गेमिंगची मशीनं त्याच कार्डावर चालतात.

फोन जहाजावर पाऊल टाकताच एअरप्लेन मोडवर. खोल समुद्रात फोन उपग्रहाच्या नेटवर्कला जोडला जातो आणि नेहमीच्या परदेशी रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. सासऱ्यांचा फोन तुम्ही स्वतः त्या मोडवर टाका, कारण ‘व्हॉट्सअॅप तर फुकट असतं’ म्हणून ते चालू ठेवतील. घरचं कुणी घाबरू नये म्हणून आधीच सांगून ठेवा की दिवसातून एकदाच निरोप येईल.

विम्याशिवाय सासू-सासऱ्यांना नेऊ नका. आपली नेहमीची मेडिक्लेम बहुधा परदेशात चालत नाही. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण फी डॉलरमध्ये आणि ती थेट खात्यावर चढते. नंतर तुम्ही विमा कंपनीकडून मागायची. पॉलिसी घेताना बीपी, शुगर, गुडघे सगळं लिहून द्या, लपवलेल्या आजाराचा दावा फेटाळतात. क्रूझ आणि आणीबाणीत जहाजावरून हलवायचा खर्च त्यात धरलाय का, ते वाचा. औषधं लागतील त्याच्या दुप्पट न्या, डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट हवी. इन्सुलिन असेल तर कंपनीला आधी कळवा, खोलीतला लहान फ्रिज पुरेसा थंड नसतो.

मुलाची काळजी कमी, मजा जास्त. वयाप्रमाणे मुलांचे गट असतात, तो पहिल्या दिवशी तिथे गेला की तुम्हाला शोधायला येणार नाही. फक्त पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक असेलच असं धरू नका, तुमच्यापैकी एकाने तिथे बसावं.

शेवटच्या रात्री बॅगा रंगीत चिठ्ठी लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात, आणि सकाळी त्या थेट बंदरावर मिळतात. ठेवण्याआधी पाचही जणांचे सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढलेत ना, हे तुम्ही स्वतः मोजा. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतले असतील तर ते त्याआधी परत घ्यायचे. उतरायला तुम्हाला नऊ-साडेनऊ होतील, पुढे इमिग्रेशनची रांग. परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका, संध्याकाळचं मिळालं तर उत्तम. सासूबाईंसाठी उतरताना व्हीलचेअर हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारीच रिसेप्शनवर नाव लिहा, सकाळी तिथे झुंबड असते.

कोणतं जहाज ठरतंय ते कळवा. खोलीचा नंबर पक्का करण्याआधी डेक प्लॅन मी बघून सांगते.